तिच्या वालाचं बी

बायको गेली तेव्हा चुलीमागच्या खुंटीवर तिची बियाण्याची पिशवी टांगलेली होती. राखेत घोळलेलं वालाचं बी. हा वाल तिनं माहेराहून आणलेला, बाजारात मिळत नाही. पिशवी संपली की वाल संपला.

तेरवीच्या दिवशी साळीनं त्यातलं अर्धं बी मागून नेलं. बायकोची धाकटी बहीण, आमच्याच गावात दिलेली. तेव्हाच माझ्या मनात आलं, हिनं टपोरं वेचून नेलं असणार.

मी वाफा केला. भरोसा मुंग्यांवरही नव्हता, त्या बी ओढून नेतात. निलगिरीच्या पाल्याच्या उग्र वासानं त्या येणार नाहीत असं वाटलं, म्हणून बी दिवसभर त्या पाल्याच्या पाण्यात भिजवलं. लावल्यावर वरून तोच पाला पसरला. पंधरा दिवसांत दोन कोंब आले, तेही पिवळे, आखडलेले. तिकडं साळीच्या कुंपणावर वेल चढून राह्यले होते.

मी तिच्या दारात जाऊन सरळ म्हटलं, "चांगलं बी तू नेलं, मले पोचट ठेवलं."

ती भाजी निवडत होती. हात थांबला नाही. वाफ्यात काय काय घातलं ते तिनं विचारलं, मी सांगितलं.

"भाऊजी, अक्का वाफ्यावर मळणीतलं सोयाबीनचं कुटार टाकत होती. निलगिरी काऊन घातली? त्या झाडाखाली गवत तरी उगवते काय?"

मला वाटलं, ही विषय बदलून राह्यली. घरी येऊन पिशवीत उरलेल्या बियांतले दहा दाणे काढले. दोन ताटल्यांत ओली फडकी, पाच-पाच दाणे. एकीत विहिरीचं पाणी, दुसरीत पाल्याचं. वर टोपली पालथी घातली आणि टोपलीवर दगड ठेवला. साळीचा काय नेम.

चौथ्या दिवशी दगड जागच्या जागी होता. विहिरीच्या पाण्यातले पाचही दाणे फुटले होते, पांढरीशुभ्र मुळं. पाल्याच्या पाण्यातला एकच उकलला, त्याचं मूळ टोकाला करपल्यासारखं तांबडं. हात माझाच होता. दुसऱ्या कोणाचा नाही.

ते पाच कोंब फडक्यात घेऊन मी तिच्याकडं गेलो.

"तू लाव," म्हटलं. "माझ्या हाताचं काही खरं नाही."

तिनं दोन ठेवून घेतले, तीन परत दिले. कोणते ठेवले ते मी बघून घेतलं. बारके.

ते तीन मी वाफ्यात लावले नाहीत. बायको जिथं भांडी घासायची तिथं लावले आणि वरून कुटार टाकलं. मुंग्यांवर लक्ष आहे.