गट नंबरचा स्तंभ

दादा मंगळवारी दुपारी शेतात गेला. विहिरीवरच्या मोटारीच्या तारेला हात लागला. चार वाजता फोन आला आणि मी पुण्याहून निघालो.

दादाची तेरवी झाली की परत जायचं ठरलं होतं. पण मालेगावातल्या एका खासगी माती परीक्षण केंद्रासाठी दादानं प्रोग्राम लिहिला होता आणि तो दुसऱ्या कुणाला वाचता येत नव्हता. केंद्राच्या मॅडम घरी आल्या. "दोनच दिवस बसा भाऊ. शेतकऱ्यांची मातीची कार्डं चुकीची निघून राह्यली."

दादानं टाइप्ड डेटासेट वापरला होता. त्यात तक्त्याच्या प्रत्येक स्तंभाचं नाव आणि प्रकार आधीच ठरलेला असतो: हा अंक, हा मजकूर, ही तारीख. प्रोग्राममध्ये ओळीचं नाव लिहून पुढे टिंब दिलं, की स्तंभांची यादी उघडते. मी टिंब दिलं. वावर, पानी, मागचं पीक. अक्षरं इंग्रजी, पण बोली दादाची. मी एकेक नाव वाचत यादीच्या तळापर्यंत गेलो.

जमिनीचा गट नंबर त्यानं पूर्णांक ठरवला होता. आमच्या शेताची वाटणी कधी झालीच नाही, त्यामुळे त्याला सुचलं नसावं. भावाभावांत हिस्से पडले की पंचेचाळीसचा ४५/२ होतो, आणि ती तिरकी रेघ अंकाच्या स्तंभात बसत नाही. केंद्रात माहिती भरणाऱ्या ताई रेघ गाळून ४५२ भरत होत्या.

एक म्हातारे काका कार्ड घेऊन केंद्रात आले. "काहून हो, ४५२ तर पाटलाचं वावर हाये. मले देऊन राह्यले का? मंग सातबाराच द्या ना!" सगळे हसले. काकांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "तू त्याचा लहाना भाऊ ना? बरं झालं, तू थांबला."

मी थांबलो नव्हतो. दोन दिवसांचं काम उरकून निघणार होतो.

स्तंभाचा प्रकार बदलून मजकूर केला. दादानं जिथे जिथे गट नंबर अंक समजून वापरला होता, तिथे तिथे चूक दाखवणारी लाल रेघ उमटली. त्या चुका निस्तरण्यात तीन आठवडे गेले. मग जुनी कार्डं उरली. भरलेला ४५२ खरा ४५२, की ४५/२, की ४/५२, हे मशीनला कळायला मार्ग नाही. घरोघर जाऊन विचारावं लागतं. माझी पुण्यातली कंपनी परतीची तारीख मागत होती. आई जेवताना "कधी जातं तू?" म्हणायची आणि मी बोलायच्या आत भाकर वाढायची.

पुण्यातली नोकरी गेली, खोली सोडली. प्रोग्राम चालतो. निम्म्या कार्डांचे गट अजून विचारायचे आहेत.