एका वेळी एकच डबा

उरलंसुरलं एकत्र करायची मला भारी खोड. दोन बरण्यांच्या तळाशी थोडं थोडं लोणचं राहिलं की ते एकीत ओतायचं आणि दुसरी घासून पालथी घालायची. चहाची पूड, रवा, साबणाचा चुरा, काहीही. शारजात रोल्ला भागात आमचं एका खोलीचं घर होतं आणि ओटा एवढासा. तिथे दोन अर्धे डबे ठेवणं म्हणजे चैन. नवरा म्हणायचा, हिला सांगितलं तर ही दोन शेजारीसुद्धा एकाच घरात कोंबेल. मीही हसायचे. या खोडीपायी मी एका माणसाच्या जिवावर उठले होते, हे मात्र मी त्याला कितीतरी वर्षं धड सांगितलं नाही.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. नवऱ्याची कंपनी बंद पडली होती, मुलगी दहावीला होती आणि घर माझ्या पगारावर चाललं होतं. मी केमिस्ट्रीची बी.एस्सी. त्या पदवीला पुण्यात कुणी विचारलं नाही, ती उपयोगी पडली ती वाळवंटाच्या काठावरच्या एका रायफल क्लबात. तिथे स्पर्धेचे नेमबाज यायचे. विकतच्या काडतुसांपेक्षा हाताने भरलेली काडतुसं त्यांना हवी असत, कारण ती एकसारखी उडतात. झाडून झालेली पितळी नळकांडी गोळा करायची, धुवायची, मापात आणायची, त्यांत बंदुकीची दारू मोजून भरायची आणि वर नवी गोळी दाबून बसवायची, असं ते काम. सासूबाईंना फोनवर सांगताना मी 'पावडर' म्हणायचे. शारजात राहून सून दारू भरते, हे त्यांना कोण समजावत बसणार?

खोलीचा खरा मालक उस्ताद. पेशावरकडचा, साठी उलटलेला, दाढी मेंदीने लाल केलेली. बोलणं तोलूनमापून, अगदी आमच्या काट्यासारखं. त्याचे दोन कायदे होते. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा, बाकीचे कपाटात कुलपाखाली. आणि जो भरेल त्यानेच त्यातली पहिली काडतुसं झाडून बघायची, मग ती दुसऱ्याच्या हातात द्यायची. म्हणून भरायचा फक्त तोच, आणि झाडायचाही तोच. मी धुणं, मोजणं आणि वहीत लिहिणं एवढंच करायचे.

दुसरा कायदा मला पटायचा. पहिला मात्र मी सरळ सोवळ्यात जमा केला होता. आमच्या सासूबाईंच्या नैवेद्याच्या भांड्याला कुणाचा हात लागला की ते पुन्हा घासायला पडायचं. का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "असतं तसं." उस्तादाच्या डब्याचंही तसंच असेल म्हणून मी कधी विचारलंच नाही. एवढी बी.एस्सी. झालेली मी, पण विचारायला कमीपणा वाटला.

त्या वर्षी आमची नेहमीची दारू येईनाशी झाली. विक्रेता दर आठवड्याला 'इन्शाल्ला, पुढच्या महिन्यात' म्हणायचा. असे तीन महिने त्या इन्शाल्लावर गेले, आणि वसंतातली मोठी स्पर्धा जवळ आली. शेवटी उस्तादाने बदली दारू शोधायला घेतली. विक्रेत्याने तीन वेगवेगळे डबे आणून दिले. मला वाटलं, काळे दाणे ते काळे दाणे, त्यात काय निवडायचं? पण उस्ताद महिनाभर निवडत होता. कंपनीच्या छापील पुस्तकातल्या सगळ्यात खालच्या मापापासून सुरुवात करायची, चारपाचच काडतुसं भरायची, झाडायची आणि मग रिकाम्या नळकांड्याचं बूड भिंगाखाली धरून बघत बसायचं. पहिल्या डब्यातल्या दारूने बुडं चपटी केली. तो म्हणाला, हिला घाई आहे, भसकन जळते आणि दाब चढवते. दुसरी आळशी निघाली, निम्मे दाणे न जळताच नळीत राहिले.

तिसरी छान चालली. फेब्रुवारीतली सकाळ होती, नेमबाज खूश, मॅनेजर खूश. उस्तादाचं मात्र समाधान नव्हतं. त्याने त्यातली थोडी काडतुसं टॉवेलवर मांडून भर दुपारच्या उन्हात ठेवली आणि तापल्यावर पुन्हा झाडून बघितली. "यहाँ की फ़रवरी देखकर जून का रिश्ता पक्का नहीं करते," तो मला म्हणाला. उन्हातही ती टिकली. मग कुठे वहीत तिचं नाव चढलं.

मी तेव्हा त्याला चिडवलं होतं, की उस्ताद, आपण इथे सगळे बदलीवरच तर जगतो. आमसूल संपलं की मी आमटीत काळं इराणी लिंबू टाकते. मी स्वतः एका फिलिपिनो मुलीच्या जागेवर आले आहे. एकाच्या जागी दुसरं चालतं की नाही? तो हसला नाही. बदली आलेल्याला त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारावी, असं काहीतरी म्हणाला आणि कामाला लागला. म्हातारं माणूस, बोलायची पद्धत, म्हणून मी सोडून दिलं.

त्यानंतरच्या गुरुवारची गोष्ट. शनिवारी क्लबाची तपासणी होती आणि दोन पाहुणेही येणार होते. उस्ताद दुपारच्या नमाजाला गेला आणि जाताना कपाटाची किल्ली पहिल्यांदाच माझ्या हाती देऊन गेला. मी कपाट आवरायला घेतलं. पहिल्या डब्यात, त्या घाई असलेल्या दारूच्या, तळाशी थोडे दाणे होते. तिसऱ्याचा एक फोडलेला डबाही पाव भरलेला. कंपनी तीच, डब्याचा आकार तोच, दाणेही बारीक मोहरीसारखे, सारखेच काळे. माझे हात आपोआप चालले. पहिल्यातले दाणे तिसऱ्यात ओतले, रिकामा डबा पुसून बाहेर काढला, फळीवर फडकं मारलं. नेहमीच्या दारूच्या जागी दोन्ही चालवून बघितल्या, मग एकमेकींत का नाही चालणार, असा माझा हिशेब. वहीत लिहिण्याएवढं ते मला मोठं वाटलंच नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काही उगाच नाही. उस्ताद परत आला, चकचकीत कपाट बघून 'माशाल्ला' म्हणाला, आणि मी फुशारले.

शनिवारी माझी बस उशिरा पोचली. उस्तादाने तोवर दहा काडतुसं भरली होती आणि तो पेटी उचलून दाराकडे निघाला होता. टेबलावर एकच डबा होता, माझा. का कोण जाणे, त्याच दिवशी मला विचारावंसं वाटलं, की हे एक डब्याचं नेमकं कारण काय?

तो दारात थांबला. "दो मिल गईं, तो दुनिया की कोई किताब नहीं बता सकती कि क्या होगा. राइफ़ल फटती है, बहन. सीधी मुँह पर."

एवढं बोलून तो गेला. आणि मी बोलले नाही.

हे मला आजही कुणाला समजावून सांगता येत नाही. माणूस चार हातांवर होता, हाक मारली असती तर वळला असता. माझ्या डोक्यात भलतंच चाललं होतं. थोडीच तर होती, काय होणार आहे. बाहेर मॅनेजर आणि पाहुणे उभे आहेत. सांगितलं तर नोकरी गेली, व्हिसा कॅन्सल, खलास. मुलीची परीक्षा तोंडावर आली आहे. काचेपलीकडे उस्ताद वीसेक पावलं चालत आपल्या जागेवर गेला, कानांवर रोधक चढवले, चटईवर पालथा झाला. काचेशेजारी भिंतीवर लाल घंटा होती. कुणालाही धोका दिसला तर ती दाबायची, की सगळी रेंज जागच्या जागी थांबते. माझा हात त्या घंटेवर गेला होता. नुसताच ठेवलेला. त्याने पेटीतलं काडतूस उचललं, आत सारलं, बोल्ट बंद केला. गाल लाकडाला टेकला. तेव्हा मी घंटा दाबली.

लाल दिवे लागले. सगळ्यांनी बंदुकांवरचे हात काढले. उस्तादाने बोल्ट उघडला, काडतूस बाहेर काढलं आणि सावकाश उठून आत आला. मी कुठल्या भाषेत सांगितलं ते आठवत नाही, बहुधा मराठीतच सुरू केलं असणार. त्याने एवढंच विचारलं, की किती ओतली. मी बोटांनी दाखवलं. मॅनेजर पाहुण्यांना सोडून धावत आला आणि घंटा कुणी वाजवली म्हणून ओरडला. मी म्हटलं मी, आणि का तेही सांगितलं. त्याने लेखी ताकीद दिली, आणखी एक चूक आणि तुझं इथलं संपलं म्हणाला. उस्ताद माझ्या बाजूनेही बोलला नाही आणि विरुद्धही नाही. खरं सांगते, चूक माझी असून मी त्याच्यावरच रागावले होते.

दुपारी त्याने दहाही काडतुसं एकेक करून उघडली. त्यातली दारू आणि डब्यातली उरलेली सगळी, त्याने लांब वाळूत पातळ रेघेने ओतली आणि पेटवली. पिवळा जाळ सरसर पळत गेला, आणि संपलं. उरलेल्या मालात स्पर्धेपुरती काडतुसं होणार नव्हती. क्लबाने नाव मागे घेतलं.

बस यायच्या आधी तो माझ्यापाशी येऊन उभा राहिला. "लेटने से पहले मैंने देखा था," तो म्हणाला. "तुम्हारा हाथ घंटी पर था. मैंने समझा, यूँ ही खड़ी हो."

बसमध्ये तोंडाला ओढणी लावून रडले. घरी एवढंच सांगितलं की कामात चूक झाली, ताकीद मिळाली. दोन दिवसांनी मुलीने चहाच्या दोन पुड्या एका डब्यात ओतल्या, तर मी तिच्या अंगावर खेकसले. "मम्मी, इट्स जस्ट टी," ती म्हणाली आणि अभ्यासाला निघून गेली. डबा हातात धरून मी तिथेच ओट्याशी बसून राहिले.

पुढचे दोन महिने आमच्या खोलीत भरायचं काम जवळजवळ बंदच होतं. मी नळकांडी धुवायचे, उस्ताद बंदुका दुरुस्त करायचा. बोलणं कामापुरतं. कपाटाची किल्ली पुन्हा त्याच्या कमरेला गेली होती, आणि ती त्याने तिथेच ठेवावी असं मलाही वाटायचं.

मग एक दिवस विक्रेत्याकडून नवा डबा आला. नेहमीची दारू नव्हेच, आणखी एक बदली, चौथी. उस्तादाने टेबल रिकामं केलं, तो एकटा डबा मधोमध ठेवला, शेजारी कंपनीचं पुस्तक उघडून ठेवलं. मग तो माझ्या खुर्चीवर जाऊन बसला आणि वजनकाटा माझ्याकडे सरकवला. म्हणाला, तुम भरो.

मला वाटलं चेष्टा करतो आहे. पण तो वही उघडून, पेन घेऊन बसला होता. मी डब्यावरचं नाव मोठ्याने वाचलं, त्याने लिहून घेतलं. सगळ्यात खालचं माप. प्रत्येक वजन मी तीनतीनदा केलं. पाच काडतुसं भरायला मला अख्खी सकाळ लागली, आणि त्याने एकदाही घाई केली नाही.

भरून झाल्यावर मी उठले. कायदा मला पाठ होता. जन्मात कधी बंदूक झाडली नव्हती, पण मी खिळ्यावरचे कानरोधक काढून गळ्यात घातले आणि पेटी उचलली. उस्तादाने ती माझ्या हातातून काढून घेतली.

"तुम घंटी पर खड़ी रहो."

मी म्हटलं, उस्ताद, जो भरेल तोच पहिलं झाडेल, हा तुमचाच कायदा ना?

"मेरा है," तो म्हणाला, "इसीलिए मैं तोड़ सकता हूँ."

तो वीस पावलं चालत गेला आणि पालथा झाला. मी हात घंटेवर ठेवला, या खेपेला अख्खा पंजा. त्याने मी भरलेलं काडतूस आत सारलं, बोल्ट बंद केला, गाल लाकडाला टेकवला. काचेकडे त्याने एकदाही वळून बघितलं नाही. पहिला आवाज झाला तेव्हा माझे डोळे मिटलेले होते. उघडले तेव्हा तो दुसरं काडतूस आत सारत होता.