मोठ्या काकांचं खाकरणं

आईला लकवा झाला आणि आमच्या अंबडच्या फ्लॅटमध्ये जो तो नारळपाणी घेऊन यायला लागला. सगळ्यांचं सांगणं एकच. "पडून राहा. जन्मभर राबलात, आता आराम करा." मी ऐकून घ्यायचे. राग यायला हवा होता. तो आत कुठेतरी होता, पण हाताला लागत नव्हता.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तब्येत स्थिर आहे, आता लगेच उभं करायला लागा, हे पहिले आठवडे परत मिळत नाहीत. फिजिओथेरपीच्या ताई रोज यायच्या. त्या आल्या की आई डोळे मिटून घ्यायची. "उद्या बघू," असं जड जिभेने म्हणायची. डावा पाय पलंगावर तसाच. आम्ही तिला उचलायला गेलो की शेजारीण म्हणे, "कशाला छळता आजारी बाईला?" आईला ते पटायचं.

मी बायकांच्या हक्कांची पत्रकं लिहिणारी मुलगी. आरामाच्या नावाखाली माणसाला लोळवून ठेवणं ही माया नाही, हे मी पत्रकात ठणकावून लिहिलं असतं. आईसमोर एक वाक्य सुचत नव्हतं.

मग देवळ्याहून मोठे काका आले. बाबांचे थोरले भाऊ. कांदा साठवणीच्या चाळीत भरून झाला होता, म्हणून राहायलाच आले. बाहेर चपला काढल्या आणि सवयीने मोठ्यांदा खाकरले. थोरल्या दिरासमोर आई आजवर कधी बसलेली नाही. ते खाकरले की डोक्यावर पदर घ्यायचा, उठायचं, आत जायचं. या प्रथेवर मी अख्खं पत्रक काढलंय, गावच्या बाजारात वाटलंय, शिव्या खाल्ल्यात.

आईचा उजवा हात पदराकडे गेला. मग तिने डावा पाय ओढत पलंगाखाली सोडला. नेमक्या तेव्हा आलेल्या ताईंनी एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. ती उभी राहिली. वाकडी, थरथरत, पण उभी.

"अगं, बसव तिला," काका मला म्हणाले. तिच्याशी ते थेट कधी बोलत नाहीत.

"बसवू नका," ताई म्हणाल्या. "काका, उद्याही याच वेळी खाकराल?"

"म्हंजे माझा खोकला आता औषध हाय का?"

"कडू आहे, पण लागू पडतंय," मी म्हणाले.

मग रोज तेच. काका बाहेर खाकरायचे, आई उठायची, मी तिच्या कमरेला बांधलेला पट्टा धरून मागे. आधी भिंतीपर्यंत, मग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. माझ्याच पत्रकाच्या विरोधात मी रोज तिला आत नेत होते. त्याचंही काही वाटत नव्हतं.

पुढे वॉकर घेऊन एकटीने चालायला ताईंनी परवानगी दिली. काका गावी परतले. दुसऱ्या दिवशी आई पलंगावरच. "उद्या बघू."

मी बाहेर गेले, दार ओढून घेतलं आणि काकांसारखी खाकरले. आत सामसूम. मग वॉकरचा ठक्‌ आवाज आला. थांबला. परत आला. दार उघडलं.

"कार्टे, थोरल्यांची नक्कल करतेस?"

डोक्यावर पदर होता. मला आत येऊ द्यायला ती वॉकरसकट वळायला लागली. तिला वेळ लागत होता. मी दारातच उभी राहिले.