एकवीस हिरवे ठिपके

हैदराबादच्या त्या कॉम्प्युटर रूममध्ये शिरताना बूट बाहेर काढून ठेवावे लागत, हे आधी सांगून टाकतो. धुळीने मशिनं मरतात असं कुणीतरी साहेबांच्या डोक्यात भरवलं होतं. मोज्यांनी माणसं मरतात हे सांगायला कुणी धजलं नव्हतं. खिडक्या कायमच्या बंद, एसी सोळावर, आणि आत चौदा पुरुषांचे अठ्ठावीस मोजे, त्यातले निम्मे तरी गेल्या निवडणुकीनंतर धुतले नसावेत. एकदा एसी दुरुस्त करायला मेकॅनिक आला, त्याने एकच श्वास घेतला आणि "गॅस लीक है" म्हणून मेन स्विच पाडून जो पळाला तो सायकल न्यायलाही परत आला नाही. हे मी शपथेवर सांगतो. शपथ कुणाची ते विचारू नका. केबली दडवायला वर उचलून बसवलेल्या खोट्या फरशीखाली, त्या जंजाळात एक उंदीर मरून पडला होता, तोही आम्हाला चार दिवस कळला नाही, कारण वासात म्हणावा असा फरक पडलाच नव्हता.

देशाची दारं नुकतीच उघडली होती आणि जो तो दारात उभा राहून परदेशी पाहुण्याची वाट बघत होता. बियाणं विकणारी आमची कंपनीही त्यातलीच. हिमायतनगरात मुख्य कचेरी, आंध्रभर एकवीस डेपो. प्रत्येक डेपोत एक मोडेम आणि एक राउटर, म्हणजे भाड्याच्या टेलिफोन लाइनीवरून आमच्या मोठ्या मशीनशी बोलणारी दोन डबडी. कुठे किती पोती शिल्लक, हे त्यांनी आम्हाला कळवायचं. लाइन तुटली की डेपो मुका. आणि मुका डेपो स्वतः सांगणार कसा की मी मुका झालो? म्हणून साहेबांनी या डबड्यांवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर मागवलं, आणि ते बसवायला पुण्याहून मला.

सॉफ्टवेअर आलं एका टेपवर, पण त्याच्या माहितीच्या पुस्तकांचं खोकं एवढं मोठं होतं की रिक्षावाल्याने माझ्याकडे आणखी एका सवारीचं भाडं मागितलं. पुस्तकं अकरा. त्यातलं सहावं पुस्तक बाकीची दहा कशी वाचावीत याबद्दल होतं. बसवायला दहा दिवस लागले. दर वेळी नव्याण्णव टक्क्यांवर येऊन अडायचं. त्या शेवटच्या एका टक्क्यात मी विद्यानगरच्या खोलीवर जाऊन अंघोळ करून, दाढी करून, जेवून परत यायचो, तरी ते तिथेच. दहाव्या दिवशी मी वैतागून टेबलाला लाथ मारली आणि ते शंभरावर गेलं. अकरा पुस्तकांत लाथेचा उल्लेख कुठे नव्हता.

मग मी आंध्रचा नकाशा पडद्यावर चढवला, डेपोच्या जागी एकवीस ठिपके बसवले, प्रत्येकाचा पत्ता भरला. सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांनी प्रत्येक राउटरला विचारणार, आहेस का? उत्तर आलं तर ठिपका हिरवा. नाही आलं तर लाल. शाळेतली हजेरीच, फक्त मास्तर न कंटाळणारा. पहिल्या दिवशी नकाशा पेटला तेव्हा एकवीसपैकी आठ लाल होते, आणि खरं सांगतो, मला ते फार देखणं वाटलं.

साहेबांना नाही वाटलं. साहेब मिरची भजी खातच आत आले, खाताना त्यांचं तोंड बंद होत नसे, त्यामुळे भज्याचा पुढचा सगळा प्रवास समोरच्याला दिसे. तेलकट बोट त्यांनी थेट पडद्यावर टेकवलं. "ये क्या है? रेड क्यों?"

"सर, हे डेपो उत्तर देत नाहीयेत."

"रेड नक्को," साहेब म्हणाले आणि बोट दुसऱ्या लाल ठिपक्यावर पुसलं. त्यांना वाटलं असावं, मी लाल रंग हौसेने निवडलाय.

लाल ठिपक्यांचा अर्थ लावणारा माणूस कचेरीत एकच होता. त्याला सगळे मामा म्हणत. मूळचे परभणीकडचे, पण तीन पिढ्या मलकपेठेत; निजामाच्या वेळी शेती सोडून आलेलं घर. कम्युनिकेशन सुपरवायझर असं हुद्द्याचं लांबलचक नाव, काम मात्र साधं. रोज सकाळी नऊ वाजता टेलिफोन घेऊन बसायचं आणि एकवीसही डेपोंना फोन लावायचा. तेलुगूत शिव्या, दखनीत लाडीगोडी, मराठीत सुस्कारा.

"काय करायलात पुणेकर?" ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "तो वरंगळकडचा लाल हाय ना, तो तीनपर्यंत लालच ऱ्हातो. मॅनेजर जेवून झोपतो. मशीन गुणगुणतंय म्हणून झोप लागत नाही त्याला, मग बटन बंद."

"आणि हा?"

"तिथं राउटरचा प्लग काढून मिक्सर लावतेत. चटणीचा टाइम हाय." त्यांनी घड्याळ बघितलं. "दहा मिनिटांत हिरवा हुईल बघा."

बारा मिनिटं लागली. चटणी जाडसर असावी.

"आणि समुद्राकडचे हे दोन?"

"हे खरे मेलेत. रस्ता खणायलेत तिकडं, केबल तुटली. मी कालच टेलिफोन खात्याला फोन करून लाइनमन धाडायला सांगितलंय." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमची मशीन चांगली हाय. माणूस मेला येवढं बराबर सांगती. कायकू मेला ते इचारायचं नक्को."

मी हसलो. मामा हसले नाहीत. कारण काय ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. परदेशी भागीदार महिन्याभरात कचेरी पाहायला येणार होते आणि साहेबांनी त्यांना पाठवलेल्या कागदात लिहिलं होतं की या सॉफ्टवेअरमुळे सुपरवायझरची जागा लागणार नाही. पाहुण्यांना यंत्रणा पसंत पडली की मामांची बदली श्रीकाकुळमकडच्या गोदामावर, रात्रभराच्या रेल्वेप्रवासावर. मामांची बायको पक्षाघाताने तीन वर्षं अंथरुणाला. रोज दुपारी साडेबाराला मामा स्कूटर काढायचे, मलकपेठेत जाऊन तिला भरवायचे, कूस बदलायचे, आणि दोनला परत. घरात तिसरं माणूस नाही. श्रीकाकुळमहून साडेबाराला मलकपेठ गाठणारी स्कूटर अजून कुणी बनवलेली नाही.

आणि ही जागा ज्या यंत्राने जाणार ते यंत्र मी बसवत होतो. पण मी स्वतःची समजूत काढली होती. सॉफ्टवेअर खरं बोलेल, लाल ठिपके दिसतील, पाहुणे विचारतील की याचं कारण कोण शोधतं, मी मामांकडे बोट दाखवीन. यंत्राने माणूस वाचेल. किती सुंदर विचार. अशा विचारांना मोज्यांसारखं वेळच्या वेळी धुतलं पाहिजे.

पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. गाडीच्या किल्लीने ते कान कोरत होते. किल्लीच्या टोकाला जे निघालं ते त्यांनी निरखून पाहिलं, टेबलाच्या कडेला पुसलं, आणि म्हणाले, "कल एक भी रेड नहीं होना."

"सर, ते डेपोवर आहे. माझ्या हातात नाही."

"तुम्हारे सॉफ्टवेअर में कुछ तो होगा."

होतं. शरमेने सांगतो, होतं, आणि मीच सांगितलं. साहेबांना सात जन्मांत कळलं नसतं. आपण किती हुशार हे दाखवायची खाज मला तेव्हा इतकी होती की विचारलं नाही तरी उत्तर द्यायचो. दर पाच मिनिटांनी घ्यायची हजेरी दिवसातून एकदाच घ्यायची, असा आकडा बदलता येत होता. सगळे डेपो चालू असतील अशी वेळ गाठून एकदा हजेरी घ्यायची. मग चोवीस तास पोरं पळून गेली, मेली, तरी मास्तरच्या वहीत हजर.

त्या दिवशी चार वाजता, झोपणारा उठलेला, मिक्सर थंड, समुद्राकडची केबल मामांनीच पाठपुरावा करून जोडून घेतलेली, अशा घटकेला एकवीसच्या एकवीस हिरवे झाले. मी आकडा बदलला. साहेबांनी माझी पाठ थोपटली. शर्टाला भज्याचा डाग पडला, तो पुढे धोब्याने, मी आणि तीन प्रकारच्या साबणांनी प्रयत्न करूनही निघाला नाही.

पाहुणे तिघे होते. बूट काढायला सांगितल्यावर त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, पण काढले. आत आल्यावर त्यातल्या उंच बाईंनी रुमाल नाकाला लावला तो शेवटपर्यंत. जुनी पद्धत कशी होती ते दाखवायला साहेबांनी मामांनाही दाराशी उभं केलं होतं, एखादी मोडीत काढायची वस्तू गिऱ्हाइकाला दाखवतात तसं. मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. सकाळी नऊचे फोन त्यांनी नेमाने केले होते, आणि मला आत येतानाच हळूच म्हणाले होते, "चार मेलेत आज. परत केबल खणली."

पडद्यावर एकवीस हिरवे.

मामांनी नकाशा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. माझा घसा असा कोरडा पडला की मुसी नदी आणून ओतली असती तरी भिजला नसता. अर्थात तिच्यात तेव्हा जे वाहत होतं ते ओतून घ्यायची छाती हवी.

साहेब बोलत सुटले होते. बाईंनी त्यांना थांबवलं आणि रुमालाआडून मलाच विचारलं, साध्या सरळ इंग्रजीत, की हे चित्र आत्ताचं आहे का?

दोन शब्द पुरले असते. कालचं आहे, एवढे. बाई खोचक नव्हत्या, त्यांना खरंच माहिती हवी होती. मामा दाराशी उभे होते, दोन हात एकमेकांत धरून. साहेब माझ्याकडे बघत दात कोरत होते, आणि कोरून निघालेलं परत खात होते.

"येस मॅडम," मी म्हणालो, "लाइव्ह."

त्या खोलीत मी नाना वास घेतले. त्या शब्दासारखा एकही नव्हता, आणि तो माझ्या तोंडातून आला होता.

साडेबारा वाजले होते. मामांनी साहेबांची परवानगी घेतली आणि स्कूटर काढून घरी गेले. आठवड्याच्या आत बदलीचा हुकूम आला, आणि त्या दिवसापासून मामा कचेरीत आले नाहीत.

मी मलकपेठेला गेलो तो रविवार होता. दोन खोल्यांचं घर, लख्ख. फिनेलचा वास, खाटेवर धुतलेली चादर, आणि मामांची बायको इतकी स्वच्छ की मला माझ्या हातांची लाज वाटली. मामा तिला पेज भरवत होते. घास गिळला का ते पाहायला ते तिच्या गळ्याकडे बघत, मग दुसरा चमचा.

"बसा पुणेकर," ते म्हणाले. "चहा टाकतो, एवढं संपू द्या."

"मामा, तो आकडा मी बदलला होता."

"हौ. कळलं मला. चार मेलेले आणि सगळे हिरवे, म्हंजे काय न कळायला."

"मग तुम्ही का नाही बोललात? तिथेच सांगायचं होतं, चार बंद आहेत म्हणून."

मामांनी चमचा वाटीत ठेवला. "मी बोललो असतो तर काय झालं असतं? म्हाताऱ्याची नोकरी चालली, म्हणून खोटं बोलतोय म्हणले असते. माझ्या तोंडून ते खरं नसतंच झालं. तुमच्या तोंडून झालं असतं." मग बायकोच्या हनुवटीवरचा थेंब पुसत म्हणाले, "मी तुमच्याकडं बघत होतो ते त्याच्यासाठी."

मी चहा घेतला. कसा होता आठवत नाही.

सोमवारी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. पुढचं मी लग्नाकार्यांत, पार्ट्यांत गेली कित्येक वर्षं सांगत आलोय, की मी राजीनामा साहेबांच्या तोंडावर फेकला, तो भज्यांच्या बशीत पडला, आणि त्यांनी तो चटणी समजून खाल्ला. लोक पोट धरधरून हसतात. झालं ते असं. मी म्हणालो, पाहुण्यांना खरं कळवायला पाहिजे. साहेबांनी वरही पाहिलं नाही. "बता दे. वो आकडा किसने बदला? मैंने? मेरे को तो माउस पकडना नहीं आता." मग बाहेर आलो, बूट काढले, आत जाऊन आकडा परत पाच मिनिटांवर आणला. पडद्यावर सात लाल उगवले. ते का लाल झाले हे सांगायला कचेरीत आता कुणीच नव्हतं, आणि पाहुणे गेले असल्यामुळे साहेबांनाही त्यांचं काही नव्हतं. मी त्या कंपनीत आणखी दोन वर्षं काढली. पगार चांगला होता.

मामा श्रीकाकुळमला गेले नाहीत. नोकरी सोडली आणि घराजवळच्या एका एसटीडी बूथवर बसायला लागले, म्हणजे दुपारी शटर ओढून पायी घरी जाता येईल. रेसकोर्सकडे जाणाऱ्या रस्त्यावर तो बूथ होता. माझा जायचा यायचा रस्ता तो नव्हता, पण एकदोनदा जावं लागलं. एकदा मी समोरच्या फुटपाथवरून चाललो असताना त्यांनी मला ओळखलं, काचेच्या दारातून अर्धे बाहेर येऊन हाक मारली, "ओ पुणेकर."

मी ऐकू न आल्यासारखं केलं. मलकपेठेच्या बाजारात तेवढा गलका असतोच.