आज यात काय पडलंय?

"आज यात काय पडलंय?"

संध्याकाळी सहाला काका किचनच्या खिडकीशी उभे राहायचे, हिरव्या वाटणाची वाटी नाकाशी धरायचे आणि हे विचारायचे. वाटण रोज तेच. तुळशीच्या जातीचा पाला, तेल, चीज आणि चिलगोज्याच्या बिया. कुक वैतागायचा, "कालचंच, काका. यल्ला, चला, घेऊन जा!" पण सगळं नीट सांगितल्याशिवाय काका हलायचे नाहीत.

दुबईतल्या त्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये आम्ही दोघे वेटर. तिथे लोक जेवणाआधी तासभर नारिंगी, कडसर दारू घेऊन बसतात. सोबत ऑलिव्ह आणि ते वाटण लावलेले पावाचे तुकडे. भूक लागावी म्हणून खायचं! देवगडच्या काकांना याचं भारी हसू यायचं. "आमच्याकडे एवढ्यात जेवणं उरकतात रे," म्हणायचे. असा खोदून खोदून विचारणारा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. आपण त्याला हसतो आणि त्याच्याच जिवावर निर्धास्त असतो.

मी नवा होतो, व्हिसा नुकताच लागलेला, आणि सदा घाबरलेला. त्या दिवशी काका दुसऱ्या टेबलावर अडकले होते. माझ्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "इसमें काजू तो नहीं? मेरा गला बंद हो जाता है."

"नहीं मॅडम," मी छातीठोक सांगितलं. इटालियन वाटणात काजू कुठून येणार? पाव ठेवून मी खिडकीशी परतलो, तर काका नेहमीसारखे विचारत होते. कुक म्हणाला, "चिलगोजे खलास. काजू टाकले, आपल्या ग्रेव्हीत टाकतो तसे."

"काका, त्या बाईंना काजू..." एवढंच बोलता आलं.

काका धावले. तुकडा बाईंच्या ओठांशी पोचला होता. काकांनी त्यांच्या हातावर फटका मारून तो उडवला. ग्लास कलंडला, पांढरा ड्रेस नारिंगी झाला. बाई किंचाळल्या, शेजारी बसलेला त्यांचा नवरा पोलिसांचं नाव घेऊ लागला. परक्या बाईवर हात उचललेला, तोही त्या देशात! काजूचं कळल्यावर नवरा खाली बसला, पण मॅनेजर माझ्याकडे वळला. "किसने बोला काजू नहीं है?"

"इसने मुझसे पूछा था, सर," काका म्हणाले. "मैंने ही बोला, नहीं है."

मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

आठवड्याने, भर दुपारी, जबल अलीच्या आमच्या कामगार-कॅम्पबाहेर काकांची बॅग कंपनीच्या बसमध्ये चढली. व्हिसा रद्द झाला होता. मॅनेजरला खरं सांगतो, असं म्हणायचं होतं. त्याऐवजी मी पाण्याची बाटली पुढे केली. काकाच म्हणाले, "विचारत जा रे. कालचंच म्हणाला, तरी विचार."

आता सहाला मी वाटी नाकाशी धरतो. कुक हसतो, उत्तर देतो, मी पुन्हा विचारतो. हल्ली नवे वेटर मला काका म्हणायला लागलेत. ती हाक आली की मला माझी ती डोलावलेली मान आठवते.