गौरीचा गळा

शाडूची माती भिजली की तिचा वास मला अजून पेणच्या त्या मूर्तींच्या कारखान्यात नेतो. बी.ए. झाल्यावर मी रोह्याहून रोज तिथं रंगकामाला जायचे. समोर बसणारा एक तरुण कारागीर उभ्या गौरीचा गळा आणि खांदे ओल्या बोटांनी गुळगुळीत करायचा, सावकाश, मान खाली घालून. एके दुपारी माझा ब्रश मुकुटावर तसाच थांबला. ती बोटं माझ्या मानेवरून फिरली तर कसं वाटेल, असं मनात आलं आणि कानशिलं तापली. शेजारच्या मावशीनं विचारलं, "काय गो, कुठं हाय लक्ष?" मी पटकन बोलून गेले, "तोच बघत बसतो सारखा." "बाप्याची जातच तसली," मावशी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. त्याला कुणी काही विचारलं नाही. मालकानं त्याचा पाट उचलून भिंतीकडे तोंड करून मांडला. तो एवढंच म्हणाला, "मी नाय बघितलं." सगळे हसले, मीसुद्धा. आजही गौर आणायला गेले की मूर्तीच्या गळ्याकडे माझ्याच्यानं बघवत नाही. तो खरंच बोलत होता. त्यानं माझ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं, आणि तेच मला खुपलं होतं.