चार वाजता काढून ठेवायचं यंत्र

ऑफिसात तिला सगळे चौकशीताई म्हणत, तेही तोंडावर. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी कानात बसवायची यंत्रं बनवणाऱ्या त्या कंपनीत गेली एकोणीस वर्षं तिचं काम एकच. यंत्र वापरणाऱ्यांच्या घरी जायचं, त्यांना बोलतं करायचं आणि परत येऊन पुढचं यंत्र कसं असावं, त्यानं काय करावं, काय मुळीच करू नये, याचा कागद लिहायचा. त्या कागदाला ऑफिसात स्पेक म्हणत. त्यावर तिची सही झाल्याशिवाय एक स्क्रूही बनत नसे. दगडालासुद्धा बोलतं करीन, असं ती म्हणायची, आणि ते फारसं खोटं नव्हतं.

म्हणून, या वेळच्या मुलाखती एआय असिस्टंट घेणार आणि स्पेकचा मसुदाही तोच लिहिणार, असं साहेबांनी सांगितलं तेव्हा तिच्या कपाळावर आठी चढली.

"तुमची महिन्यात बारा घरं होतात," साहेब म्हणाले. "हा आठवड्यात दोनशे जणांशी बोलेल. फोनवर लिहून, मोठ्या अक्षरांत. तुम्ही फक्त तपासायचं. शुक्रवारी सही."

"तपासते की. डोळ्यांत तेल घालून तपासते," ती म्हणाली. साहेबांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

खरं तर त्या दिवसांत तिचं अर्धं लक्ष घरी होतं. वडील तिच्याकडेच राहायचे. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, बोटं अजून स्थिर. कानात तिच्याच कंपनीचं यंत्र. "लेकीनं बनवलंय," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. पण हल्ली सात वर्षांची नात काही सांगू लागली की ते नुसतं हसायचे, विचारलं एक तर उत्तर भलतंच द्यायचे. पोरगी आताशा त्यांच्याशी ओरडूनच बोलायची. यंत्र कानात असताना हे असं का? आता डोकंच साथ सोडतंय की काय, अशी शंका चौकशीताईला यायची. डॉक्टरांची पुढच्या आठवड्यातली वेळही तिनं घेऊन ठेवली होती.

"बाबा, यंत्राचा काही त्रास? शिट्टीबिट्टी वाजते का?" तिनं विचारलं होतं.

"छे गं. एक नंबर आहे."

आणि यंत्र कानाच्या आत इतकं खोल बसायचं, की ते आहे की नाही हे बाहेरून कळायची सोय नव्हती. बाहेरून दिसता कामा नये, हे कलम तिचंच होतं.

मसुदा आला, चौदा पानांचा. ती लाल पेन घेऊन बसली. आठ कलमांत खोड काढायला जागा मिळेना, तेव्हा तिला चक्क राग आला. नवव्या कलमावर पेन थांबलं. 'दुपारी चारनंतर यंत्र आपोआप मंद होईल. कारण: तेवीस जण दुपारनंतर थकव्यामुळे यंत्र काढून ठेवतात.'

थकवा? तेवीस जणांना? सारांशावर विश्वास ठेवायचा नाही, माणूस काय बोलला ते वाचायचं, ही तिची जुनी खोड. तिनं त्या तेवीस मुलाखती उघडल्या. नावं काढून टाकलेली, नुसते क्रमांक. एकोणतिसाव्या क्रमांकाशी झालेलं बोलणं असं होतं.

"यंत्र दिवसात कधी काढून ठेवता का?"

"रोज चारला. चष्म्याच्या घरात ठेवतो."

"चार वाजता काय असतं?"

"नात शाळेतून येते. आली की गळ्यात पडते. कानाला काही चिकटलं की यंत्र शिट्टी मारतं. पहिल्यांदा वाजलं तेव्हा पोर दचकली. आजोबांना दुखलं म्हणून रडली. दोन दिवस जवळ आली नाही. तेव्हापासून ती घरात असली की काढून ठेवतो."

"मग ती बोलते ते ऐकू येतं?"

"नाही. पण मिठी मिळते."

"हे कंपनीला कळवलं होतं का?"

"माझी मुलगी तिथेच आहे. यंत्र तिचंच. तिनं विचारलं होतं, मी एक नंबर आहे म्हणालो. कंपनीला सांगा, पण तिला नको."

तिला रडू आलं. मग राग आला, तो स्वतःचा. एकोणीस वर्षं लोकांच्या घरी गोड बोलून बसलो, त्यातल्या किती जणांनी आपलं मन मोडू नये म्हणून एक नंबर म्हटलं असेल? या असिस्टंटचं मन मोडायची कुणाला भीती नव्हती. त्यानं नुसतं विचारलं आणि माणसं बोलली. ही गोष्ट तिला झोंबली, पण झोंबलेलं कुरवाळत बसणारी ती नव्हे.

डोळे पुसून तिनं असिस्टंटला लिहिलं, "या तेवीस जणांना परत एकच विचार. यंत्र काढता तेव्हा जवळ कोण येणार असतं?"

"थकवा हे कारण चौघांनीच दिलं होतं. बाकीच्यांचं मी धरून चाललो, ती चूक झाली. आता विचारतो," असं उत्तर आलं. संध्याकाळपर्यंत एकोणीस जणांनी कळवलं. कुणाची नातवंडं, कुणाची बायको, एकाचा कुत्रा.

दुसऱ्या दिवशी ती सर्किटवाल्याच्या टेबलाशी उभी राहिली. "ही माणसं थकलेली नाहीत. मिठी मारतायत."

"ताई, कानाशी काही आलं की आवाज फिरून माइकमध्ये शिरतो. शिट्टी वाजणारच. थांबवता येईल, पण सगळं नव्यानं मांडावं लागेल. सहा-सात महिने."

"मग आजपासून मोज."

शुक्रवारी साहेबांनी तिनं बदललेल्या मसुद्याचं पहिलं कलम मोठ्यानं वाचलं. 'मिठी मारल्यावर यंत्र वाजणार नाही.' चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, "मिठी हा काय तांत्रिक शब्द आहे?"

"आजपासून आहे," ती म्हणाली आणि सही ठोकली.

डॉक्टरांची वेळ तिनं रद्द केली. घरी मात्र ब्र काढला नाही. सात महिने पोरगी ओरडत राहिली, आजोबा हसत राहिले, आणि सगळं ठाऊक असलेली ही बाई मूग गिळून बसली. एवढा काळ गप्प राहणं तिला जन्मात जमलं नव्हतं.

चाचणीचं पहिलं यंत्र हातात आलं त्या दिवशी तिनं रजा टाकली. "घरी वापरून बघायला दिलंय," म्हणत ते वडिलांच्या कानात बसवलं. चारला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी सवयीनं चष्म्याचं घर उघडलं आणि हात कानाकडे नेला.

"बाबा, आज राहू द्या."

बंद पडलेल्या घड्याळात बघावं तसं त्यांनी तिच्याकडे बघितलं. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. स्पेकमध्ये आहे."

तेवढ्यात दार आपटलं, दप्तर एका कोपऱ्यात गेलं आणि पोरगी त्यांच्या गळ्यात पडली. म्हाताऱ्यानं डोळे घट्ट मिटले. शिट्टी वाजली नाही. पोरीनं त्यांच्या कानाला तोंड लावलं आणि रोजच्यासारखी ओरडली, "आजोबा, आज ना!"

"अगं, हळू," ते म्हणाले. "हळू सांग. ऐकू येतं मला."

पोरीनं आवाज उतरवला. मग कानाशी लागून तिनं पुष्कळ वेळ काहीतरी सांगितलं, आणि आजोबा मध्ये मध्ये हं हं करत राहिले. काय सांगितलं ते चौकशीताईला ऐकू आलं नाही. जन्मात पहिल्यांदाच तिनं विचारलंही नाही.